जिंजरची बाटली कुठली?

अनंत आणि त्याची बायको श्रद्धा यांचं लग्न झाल्यापासून एका बाटलीवरून वाजत होतं. जुन्या बाजारात घेतलेली जिंजरची, म्हणजे आल्याच्या सोड्याची बाटली. जाड हिरवी काच, बूड गोल, त्यामुळे कायम आडवी पडलेली. काचेवर उठावाचा मोर, खाली कारखान्याचं नाव पार झिजलेलं. अनंत म्हणे, विलायतेची, साहेबाबरोबर बोटीनं आलेली. श्रद्धा म्हणे, आपल्या पुण्याचीच.

"पुरावा?"

"मला वाटतं."

"वाटतंय तर वाचकांच्या पत्रव्यवहारात लिही. तिथे छापतात."

एरवी त्याला बोलायला सवड कुठे होती? सकाळी हिंजवडीची बस, रात्री अमेरिकेचे फोन. कर्वेनगरच्या घरी तो जेवायला आणि झोपायला येई, आणि जेवतानाही घुम्यासारखा बसे. बाटलीचा विषय निघाला की मात्र गडी खुले.

श्रद्धा कॅन्सरनं गेली आणि घर खायला उठलं. काही महिन्यांनी अनंतनं बाटली टॉवेलात गुंडाळली आणि तिचं मूळ शोधायला निघाला. एकदा तरी श्रद्धाचं खरं ठरावं, एवढंच त्याला हवं होतं. ती असताना करंट्यानं कधी हार मानली नव्हती.

स्वारगेटच्या एका सोडावाल्यानं कॅम्पातल्या बापूरावांचा पत्ता दिला. परदेशी कोला आले तेव्हा त्यांनी आपल्या कारखान्याला कुलूप लावलं होतं. बाटली पाहताच ते म्हणाले, "आमचीच. हा मोर आजोबांनी मुद्दाम काढवून घेतला." आणि फडताळातून तश्शीच दुसरी काढून पुढे ठेवली.

अनंतनं दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. "माझी बायको हेच म्हणायची हो."

"त्या येऊन गेल्या की, याच बाटलीचा फोटो घेऊन. गेल्या वर्षी, गणपतीच्या आसपास. डोक्याला रुमाल, दम लागलेला. दवाखान्यातून परस्पर आल्या होत्या."

"तिला ठाऊक होतं? मग मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाल्या, 'नको, काका. हा वाद मिटला तर तो माझ्याशी बोलणार कशावर?'"

अनंत त्या परक्या घरात हुंदके देऊन रडला. त्या दिवशी तिच्या सोबत कुणी होतं का, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. आपण नव्हतो, एवढं त्याला ठाऊक होतं.