मूळची सवाशीण

आमच्या बाभुळखेडात मूळच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी आहेत, बाभळी आणि भांडणं. बाकी सगळं कुठून कुठून आलेलं. चहा बारामतीच्या गुजराती दुकानदारानं आणला, गूळ करायची तऱ्हा कोल्हापूरकडच्या गुळव्यांनी शिकवली, आणि पाण्याचा पाट तर सरकारनं आमच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत खणला. पण हे गावात बोलायची सोय नाही. बोललं की आबासाहेब पाटील मिशीवरून हात फिरवतात आणि आपण इथले पांडवांच्या काळापासूनचे, असं ऐकवतात. त्यांचे पणजोबा दुष्काळात माणदेशातून चार मेंढरं हाकत आले होते, हे त्यांचीच माहेरी परतलेली म्हातारी आत्या सांगायची. ती गेली आणि पांडवांचा रस्ता मोकळा झाला.

ठमाबाई आणि तिचा नवरा महिपती हे माळ्याचं जोडपं सासवडकडून आलं, पाटाखालची जमीन खंडानं करायला. आम्ही तेव्हा पाट उशाशी असून बाजरी पेरून आभाळाकडं बघत बसणारी माणसं. त्यांनी ऊस लावला, कांदा लावला, वांगी केली. आम्ही बांधावर उभं राहून हसलो. मग त्यांच्या कांद्याच्या गाड्या बारामतीच्या बाजाराला जायला लागल्या, तसं आमचं हसू आटलं आणि आम्हीही कांदा लावला. शिकलो सगळं त्यांच्याकडून, आणि म्हणत राहिलो त्यांना उपरे.

ओटीचंही तसंच झालं. दसरा उलटला की पाटाला पहिलं पाणी सुटायचं. आल्या वर्षीच ठमाबाई खण, हळदकुंकू आणि मूठभर तांदूळ घेऊन पाटावर गेली आणि नदीची भरावी तशी तिनं पाटाची ओटी भरली. घरात नारळ नव्हता, म्हणून मळ्यातला एक कांदा ठेवला. सरकारी चराची ओटी भरते म्हणून गावच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्या वर्षी तिचं पीक जोरात आलं. पुढच्या वर्षी चौघी जणी गेल्या, आणि बघता बघता त्याला ढोल-ताशा लागला. सगळ्या जणींच्या ओटीत कांदा. मध्ये एकदा बरे दिवस आले म्हणून ठमाबाईनं हौसेनं नारळ नेला, तर पाटलीणबाई, म्हणजे आबासाहेबांच्या द्वारकाबाई, तिच्यावर खेकसल्या. पाटाला कांदाच लागतो, पूर्वापार चालत आलंय, बाहेरच्यांना काय कळणार! ठमाबाई मुकाट्यानं घरी गेली आणि कांदा घेऊन आली. वाटेत हसून हसून तिचं पोट दुखलं म्हणे.

पहिली ओटी मात्र तिचीच असायची. तो मान कुणी दिलेला नव्हता, पण कुणी मोडलाही नव्हता. मग छत्तीस सालच्या उन्हाळ्यात महिपती गेला. मोकळ्या कपाळाच्या बाईनं ओटी भरायची नाही, ही रीत ठमाबाईला ठाऊक होती. तिला एवढंच हवं होतं, की आपला मान आपल्या लेकीला मिळावा. सारजा तिची एकुलती एक. मुलगा नाही म्हणून महिपतीनं लोणी देवकरचा गेणबा घरजावई करून आणला होता. घरजावई म्हणजे गावाला फुकटची करमणूक. गेणबा खालमानेनं सगळं ऐकायचा आणि दोन माणसांचं काम करायचा.

नेमकं त्याच वर्षी सिकंदर नावाच्या एकानं बारामतीत फोटोचं दुकान थाटलं. आबासाहेबांच्या मनात आलं की आपल्या पुरातन परंपरेचा फोटो काढून चावडीत लावावा. फोटो म्हटल्यावर मध्ये कोण, हे आलंच. आबासाहेबांनी गाव जमवलं आणि ठरवून टाकलं, पहिली ओटी मूळ गावच्या सवाशिणीनं भरायची, उपऱ्यांनी मागं उभं राहायचं. आता मूळ गावची म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. द्वारकाबाईंसाठी जरीचं लुगडं आधीच येऊन पडलं होतं.

ठमाबाई चावडीच्या पायरीखाली उभी होती. तिला ते लागलं, फार लागलं. ज्या मातीत नवऱ्यानं हाडं झिजवली, ज्या ओढ्याकाठी त्याला जाळला, ते गाव अजून परकं कसं, असं तिच्या मनात आलं. पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आबा म्हनत्यात ते खरं हाय," ती म्हणाली. "आमी उपरीच. जी बाई ह्या गावात जल्मली, तिनंच पयली ओटी भरावी."

उपरे असे गुणानं वागले की आबासाहेबांना गहिवरून यायचं. त्यांनी तिथल्या तिथं दवंडी द्यायला सांगितली, जिचा जन्म ह्या गावात, तिचाच पहिला मान. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढे शहाणे बसलो होतो, पण एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

ओटीच्या दिवशी सगळं गाव पाटावर लोटलं. पाणी वरच्या मोरीपाशी आल्याचा सांगावा आला होता. सिकंदर तिपाईवर डबा ठेवून काळ्या फडक्यात डोकं खुपसून बसला होता. तो आतूनच ओरडला, की मानाच्या बाईनं पुढं यावं. द्वारकाबाई जरी सावरत, ताट घेऊन पुढं झाल्या. तेवढ्यात मागून ठमाबाईनं अगदी मऊ आवाजात विचारलं,

"पाटलीनबाई, तुमचं म्हायेर कंचं वो?"

माहेर विचारल्यावर ते दबक्या आवाजात सांगणारी बाई अजून जन्मायची आहे. द्वारकाबाईंची मान ताठ झाली. वडगाव निंबाळकर, त्या म्हणाल्या, सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. बापाच्या दारात बैलांची दावण होती आणि त्या स्वतः जन्मल्या तेव्हा बारा गावांत साखर वाटली होती. साखरेपर्यंत आल्या आणि थांबल्या. हातातलं ताट किंचित कललं.

आबासाहेबांनी घाईघाईनं चुलतभावाच्या बायकोला पुढं बोलावलं. तिचं माहेर फलटण. तिच्या जावेचं माळशिरस. तिसरीचं भिगवण, आणि तिनं तर सांगताना भिगवणच्या बाजाराचंही कौतुक करून घेतलं. आबासाहेबांच्या कपाळावर घाम आला. आमचं गाव सगळं एका भाऊकीचं, इथली लेक इथं देत नाहीत. जन्मल्या त्या नांदायला गेल्या, आणि नांदताहेत त्या बाहेरून आल्या. उरल्या त्या परकरातल्या पोरी. वर्षानुवर्षं ज्यांच्या हातची भाकरी खाल्ली त्या आमच्या आया आणि बायका परगावच्या आहेत, हे त्या दिवशी आम्हा पुरुषांना पहिल्यांदा दिसलं. गावात जन्मलेली आणि गावातच नांदणारी सवाशीण सगळ्या बाभुळखेडात एकच होती.

आबासाहेब पुटपुटले, की सारजा तर माळ्याची.

"जल्म कुठं झाला, ते इचारा," ठमाबाई म्हणाली. "ह्याच पाटाच्या कडंला झाला. नाळ कापाया तुमचीच आत्या आली हुती."

दवंडी फिरली होती, फोटोवाला बसला होता, पाणी यायला लागलं होतं. सारजा पुढं आली. ती घाबरली होती, पण तिच्या आईचा चेहरा असा उजळला होता की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. इथंच संपलं असतं, तर मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो. द्वारकाबाईंनी ताट खाली ठेवलं, चालत मागं आल्या आणि ठमाबाईशेजारी उभ्या राहिल्या. मग फलटणची आली. माळशिरसची आली. भिगवणची तर पळतच आली. एकेक करत गावातल्या साऱ्या बाया मागं जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या कडेला जाऊन गेणबाही उभा राहिला, कारण तोही नांदायलाच आलेला. मूळचं गाव म्हणून पुढं राहिली एकटी सारजा आणि आम्ही मिशांवाले.

पहिलीच्या मागोमाग आणखी चार सवाशिणींनी हळदकुंकू वाहिल्याशिवाय ओटी पुरी होत नाही. आबासाहेबांनी बायांना हाक मारली. एकही हलली नाही. चारचौघांत द्वारकाबाई नवऱ्याशी थेट बोलत नसत, म्हणून त्या ठमाबाईकडं बघून मोठ्यानं बोलल्या.

"ठमे, सांग त्यास्नी. उपऱ्यांनी मागं हुभं ऱ्हायाचं, हे त्येंनीच ठरिवलंय."

पाण्याचं तोंड वळणावर दिसायला लागलं. पाचोळा ढकलत ते सावकाश येत होतं. आबासाहेबांनी एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा सारजाकडं, आणि मग ते बायांच्या घोळक्यापर्यंत चालत गेले. आजवर ते ठमाबाईला "ए माळनी" म्हणायचे.

"ठमावैनी," ते म्हणाले, "तुमी चला म्होरं. तुमी हलल्याबिगर ह्या हलायच्या न्हाईत."

वहिनी म्हणजे भावाची बायको. एवढा वेळ सगळ्या गावाला पुरून उरलेल्या त्या बाईचा ओठ थरथरायला लागला.

"ह्ये त्ये असताना म्हनला असता, आबा," ती म्हणाली, "तर लई बरं वाटलं असतं त्यास्नी."

आबासाहेबांनी मान खाली घातली. ठमाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ती पुढं निघाली. तिच्या मागोमाग सगळ्या बाया पाटाकडं उतरल्या.