गुलाबी रांगोळी आणि तांब्याची नळी

चंपतराव ड्रॉइंग मास्तर म्हणून रिटायर झाले होते, आणि प्रताप नगरात त्यांच्या दारात १९३८ सालची काळी विलायती मोटार उभी होती. 'उभी होती' हे अगदी शब्दशः घ्यावे. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणारी लोखंडी नळी गंजून चाळण झाली होती आणि तिला जागोजाग साबणाचा लगदा लावून सुतळी गुंडाळली होती. दोन मैल गेले की पेट्रोल रस्त्यावर आणि मास्तर पायी घरी.

अकरा वर्षांपूर्वी, १९६१ साली, हीच गाडी नरखेडच्या वाटेवर बंद पडली, तेव्हा आत तिथे आपल्या घरी निघालेली त्यांची थोरली बहीण बायजाबाई होती. ती उरलेली वाट बैलगाडीतून गेली आणि जाता जाता बोलली, "आता हे गाडी सोताच्या पायानं माह्या दारात येईन, तवाच मी बसीन." मास्तरांना ते फार झोंबले. 'गाडी नीट झाली की जातो' म्हणत त्यांनी बहिणीच्या गावात पाऊलच टाकले नाही. राखीला तीच एसटीने येई, तीच परत जाई.

आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनला मंगळवार दिला होता आणि उशीर केला तर नजर जाईल असे बजावले होते. बायजाबाईचा निरोप आला: गाडी दारात आली तरच येईन.

मास्तरांनी नत्थू मिस्त्रीला बोलावले. त्याने तांब्याची नवी नळी आणली. "रिकामी वाकवली तं चपटी होते," तो म्हणाला. "आत बारीक कोरडी रेती भरा लागते." अंगणातली रेती जाडी निघाली. मास्तर घरातून गुलाबी रांगोळीचा डबा घेऊन आले.

"काहून जी, दारापुढं काय घालू मी?" त्यांच्या बायकोने, सुभद्राने विचारले.

"चार दिवस नुसता सडा टाक वं."

मास्तरांनी फरशीवर खडूने नळीचा नकाशा काढला आणि सहाही वळणे हुबेहूब वाकवली. "हात कारागिराचा हाय तुमचा," नत्थू म्हणाला. "आता सायकलच्या पंपानं हवा मारा, मंगच बसवा." पण कारागीर म्हटल्यावर मास्तर पंप शोधत कशाला बसतात? नळी दगडावर दोनदा आपटली, तोंडाने फुंकली आणि बसवून टाकली. फुंकरीच्या ओलीने उरलीसुरली रांगोळी आतच चिकटून राहिली.

सोमवारी सकाळी दोघे नवरा-बायको निघाले. गाडी झकास पळाली. गावच्या गल्लीत मात्र खड्डे लागले, इंजिन खोकले आणि बायजाबाईच्या दारापासून वीस पावलांवर गप्प झाले.

बायजाबाई गाठोडे बांधून ओट्यावर बसली होती. दूरचे दिसत नव्हते, पण कान शाबूत होते. "आवाज काहून बंद झाला?" तिने विचारले.

चार माणसे ढकलायला धावली. "हात नका लावू," मास्तर म्हणाले. "तिले कळन." त्यांना रडू यायचेच बाकी होते. अकरा वर्षे आणि वीस पावले.

ते धोतरासकट गाडीखाली शिरले, टाकीची तोटी बंद केली, नळीची दोन्ही टोके सोडली आणि छातीतला सगळा वारा आत फुंकला. पलीकडून गुलाबी चिखल भसकन रस्त्यावर पडला.

"माही रांगोळी," सुभद्रा शांतपणे म्हणाली.

गाडी सुरू झाली आणि कुणाचा हात न लागता दाराशी आली. बायजाबाईने बॉनेटवर हात फिरवला, मग भावाच्या चेहऱ्याजवळ डोळे नेले.

"मिशी काहून गुलाबी दिसते गा?"

मास्तरांनी सायकलच्या पंपासकट सगळे कबूल केले. ती पोट धरून हसली आणि पुढच्या सीटवर ऐसपैस बसली.

"चंपत, गाडी नसती आली तं मी एसटीनं आली असती," ती म्हणाली. "डोये काय मले नको हायत?"

"मंग अट काहून घातली?"

"तू आला असता का?"

मास्तर गाडी सुरू करणार होते. त्यांनी चावी काढून घेतली आणि खाली उतरले.

"चहा ठेव बाई," ते म्हणाले. "आधी घर पाहू दे तुहं."