जावयाचा जड डबा

वऱ्हाडपांड्यांच्या घरात जावयाच्या वस्तूला नाव ठेवायची पद्धत नव्हती. जावई चिन्मय खामगावचा. तिथं त्याचं कॉम्प्युटर आणि विजेच्या सामानाचं दुकान, त्यामुळे शेगावच्या या घरात भिंतीवरच्या घड्याळापासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं त्याच्याकडूनच यायचं. घड्याळ पुढे पळायचं. नीट लावलं की पुन्हा पळायचं. शेवटी घरानं ते लावायचं सोडून दिलं आणि मनातल्या मनात वजाबाकी करायची सवय लावून घेतली. सासरे वामनराव तहसिलीतून निवृत्त झालेले. आल्यागेल्याला ते सांगायचे, "आपलं घड्याळ जरासं पुढं असते, पण चालू आहे बिचारं." जिथं जावयाच्या घड्याळाची एवढी बाजू घेतली जाते, तिथं खुद्द जावयाची किती घेत असतील, ते सांगायला नको.

सून चारुलता हिनंही वजाबाकी चालवून घेतली होती, पण तिचं पोट घड्याळावर नव्हतं. ती घरी बसून अकोल्याच्या एका इंजिनिअरसाठी इमारतींचे नकाशे काढायची. लग्नाआधी केलेला डिप्लोमा चुलीत घालायचा नाही, हे तिनं पहिल्याच वर्षी घराला बजावलं होतं. कॉम्प्युटर तिनं स्वतःच्या कमाईतून घेतला, तोही अर्थात चिन्मयच्या दुकानातून. दुसरीकडून घेतला असता तर सासूबाई आठवडाभर जेवल्या नसत्या.

आणि त्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देणारा पत्र्याचा डबा, वर्षात दोनदा मेला. लाईन गेली की इन्व्हर्टर लागायला पापणी लवण्याएवढा वेळ जातो. तेवढ्यानं पंख्याला, टीव्हीला काही होत नसे. हिचा कॉम्प्युटर मात्र धाडकन बंद. पहिला डबा नुसता जळका वास सोडून गेला. दुसरा जाताना डिस्क घेऊन गेला, आणि डिस्कबरोबर एका मंगल कार्यालयाचा पुरा झालेला नकाशा. इंजिनिअर ओरडला नाही. त्यानं एवढंच सांगितलं, "मॅडम, वसतिगृहाचं काम तुमच्याकडे देतो. हेही बुडालं तर मले दुसरं माणूस पाहावं लागेल."

चिन्मयला कळवलं तर तो हसला. "वहिनी, माल एक नंबर आहे. तुम्हीच दिवसभर चालवून राह्यल्या. मशीनलेही आराम लागते."

चालण्यासाठीच केलेल्या वस्तूला आराम लागतो, हे ज्ञान फक्त विकणाऱ्यालाच सुचू शकतं. चारुलतानं फोन ठेवला. तिला राग आला होता, आणि राग आलेला असताना ती फोनवर बोलत नसे.

मग चिन्मयनं तिसरा डबा पाठवला. तो चांगलाच जड होता. सासूबाई मंजुळाबाईंनी तो पितळी पातेलं घ्यावं तसा हातावर तोलून पाहिला. "पाय बरं, केवढा भारी आहे! आता कायले जाते!" वामनरावांनीही तोलला आणि मान डोलावली. चारुलतानं तोलला नाही, त्यावरचा कागद वाचला. वॉटचा आकडा ठळक छापलेला. कुणी बनवला, किती वर्षांची वॉरंटी, कोणती चाचणी झाली, याबद्दल एक अक्षर नाही.

"मी हा लावणार नाही," ती म्हणाली.

"अगं, घरचं समजून दिलं त्यांनी," देवेश म्हणाला. तिचा नवरा शाळेत मास्तर होता आणि भांडण दिसलं की त्याला वह्या तपासायच्या आठवत.

"घरचं समजूनच दिलं. परक्याला दिलं असतं तर त्यानं दुकानात नेऊन आपटलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती एकटी अकोल्याला गेली. दुकानदाराला तिनं सांगितलं की आकडा दाखवू नका. लाईन जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंत कोणता टिकतो? व्होल्टेज अचानक वाढलं तर कोणता स्वतः बंद पडून बाकीचं वाचवतो? आणि पाच वर्षांत गेला तर बदलून द्यायचं कोण लिहून देतं? दुकानदारानं दोन पुढे ठेवले. तिनं लहान आकड्याचा उचलला.

"ताई, त्या दुसऱ्यावर वॉट जास्त आहेत."

"आकडा कोणीही छापते, दादा. माझ्या मशीनले एवढा पुरून उरते. वॉरंटी याच्यावर लिहून दिली आहे, हाच द्या."

घरी आल्यावर तिनं तो स्वतः बसवला आणि वसतिगृहाचं काम सुरू केलं. घरातल्या कुणी विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

अडचण उभी राहिली ती अधिक महिन्यानं. जावयाला जेवायला बोलवायचं, अनारसे द्यायचे, दिवा द्यायचा. नेमका वसतिगृहाचा नकाशा पाठवायचा तोच दिवस निघाला. सकाळी अनारसे तळता तळता मंजुळाबाई म्हणाल्या, "सूनबाई, आजच्या दिवस त्यांचा डबा लावून ठेव. संध्याकाळी काढ."

"नाही, आई. आज माझा नकाशा जायचा आहे."

"मग निदान तो लावला म्हणून सांग. जावई माणूस आहे."

"खोटं नाही बोलणार. फार तर गप्प बसेन."

यावर तोडगा निघाल्यासारखं सगळ्यांना वाटलं. ती गप्प बसते म्हणजे ऐकते, अशी त्या घराची जुनी गैरसमजूत होती.

चिन्मय आणि नणंद गार्गी आले. पंगत झाली. चांदीच्या दिव्यासकट अनारसे पिशवीत भरून पाटाशेजारी ठेवले. चारुलता हात धुऊन कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. शेवटच्या जिन्याची मापं तेवढी राहिली होती.

"काय वहिनी, चालून राह्यला ना आपला माल?" चिन्मयनं सुपारी कातरत विचारलं.

ती गप्प. वामनराव घाईनं म्हणाले, "हाव हाव, एकदम मस्त!"

आणि तेवढ्यात लाईन गेली. पंखा दमला, इन्व्हर्टर खट्कन लागला, पंखा पुन्हा फिरला. उन्हाळ्यात हे रोजचंच. पण सगळ्यांच्या नजरा पडद्याकडे गेल्या. जिना होता तिथंच होता, एक रेघ हलली नव्हती.

"पाहिलं?" चिन्मयनं मांडीवर थाप मारली. "याले म्हणतात माल! तुम्ही उगाच माझ्या दुकानाले बोल लावत होत्या, वहिनी. चूक मशीनची नव्हतीच. चूक वापरणाऱ्याची होती."

"हो ना," मंजुळाबाई म्हणाल्या.

चारुलताच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. दोन डबे मेले ते तिच्या हातानं, आणि हा जगला तो त्याच्या हातानं! ती उठली, कपाटातून तो जड डबा काढला आणि चिन्मयच्या पुढ्यात ठेवला.

"तुमचा माल हा आहे, भाऊजी. लावलाच नाही. आत चालून राह्यला तो मी अकोल्याहून आणला, माझ्या पैशानं."

देवेश वह्या शोधायला उठला. "बसा," ती म्हणाली. तो बसला.

"हातात घेऊन पाहा ना वजन!" चिन्मयचा आवाज चढला. "हलका माल आहे का हा?"

"वजन कशाचं आहे तेच पाहू." तिनं पेचकस घेतला.

"खोलू नका! वॉरंटी जाईल!"

"कुठं लिहिली आहे ती? दाखवा, मी थांबते."

चिन्मयनं डबा फिरवून फिरवून पाहिला. चार स्क्रू निघाले, झाकण निघालं. आत बोटभर सामान, चार बारीक वायरी, आणि तळाला नट लावून घट्ट बसवलेली एक लोखंडी पट्टी. कशालाही न जोडलेली. वजनासाठी बसवलेली.

मंजुळाबाईंनी ती पट्टी बोटानं दाबून पाहिली. "हे कायचं काम करते, जावईबापू?"

"वरून माल असाच येते, आई. मी काय खोलून पाहतो का सगळे?"

"तुमच्या दुकानातल्या स्वतःच्या मशीनले कोणता लावला आहे?" चारुलतानं विचारलं.

चिन्मय पुन्हा सुपारी कातरायला लागला. उत्तर गार्गीनं दिलं. "वहिनीनं आणला ना, तसलाच, वॉरंटी लिहिलेला. दुकानात पाहिला आहे मी."

"तुले माहीत होतं?" मंजुळाबाई लेकीवर उसळल्या. "मग सांगितलं काऊन नाही?"

"कोणाले सांगू, आई? यांच्या वस्तूले नाव ठेवायचं नाही, हे मले कोणी शिकवलं?"

मंजुळाबाई खाली बसल्या. चिन्मय तडक उठला, चपला घालत म्हणाला, "झाला तेवढा अपमान पुरे. या घरात पुन्हा काही देणार नाही मी!"

"तेवढी मेहरबानी कराच," चारुलता म्हणाली. तिनं झाकण बसवलं, डबा त्याच्या पिशवीत अनारशांच्या बाजूला ठेवला आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली. जिन्याचं शेवटचं माप टाकलं, नकाशा अकोल्याला पाठवला. पोचल्याचा निरोप येईपर्यंत ती पडद्यासमोरून हलली नाही.

बाहेर अंगणातून चिन्मय गार्गीला हाका मारत होता; पिशवी अजून पाटाशेजारीच होती. मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. तिनं वळून पाहिलं. वामनराव स्टुलावर उभे होते, आणि भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या हातात होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "पाय बरं, त्या पिशवीत अजून जागा आहे का?"