राजाची वाक्यं

नवऱ्याचं नाव एकदाच घेते, म्हणजे घोटाळा नको: वेणीमाधव. यापुढे 'हे' म्हटलं की तेच. काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत हे विद्यार्थ्यांना वेदाची संथा देत आणि मागच्या खोलीत मी, बकुळ, जेवणं उरकली की नाटक वाचीत बसे. तेही मोठ्यानं. मनातल्या मनात नाटक वाचणं म्हणजे ताट वाढून घेऊन नुसतं बघत राहणं.

दुपारी गंगेवरचं ऊन खिडकीतून येऊन छतावर हलत राही. पुस्तक उघडलं की त्या उजेडात भिंती हळूहळू मागं सरत, खोलीचा महाल होई आणि मी राणी. पुस्तक बाबांनी पुण्याहून टपालानं मागवलेलं. माझ्या लग्नाआधी आम्ही मिळून वाचत असू, तेव्हा ते राजा होत. तिसऱ्या अंकात राजा वनवासाला निघतो, तो प्रवेश आम्हा दोघांच्या फार लाडाचा.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून मी राणीची वाक्यं म्हणे आणि राजाची आली की गप्प बसे. तेवढ्या वेळात मला बाबांचा आवाज ऐकू येई. पण अलीकडे तो येईनासा झाला होता. कितीही कान दिले तरी नाहीच. मी फार घाबरले होते.

अशातच दक्षिणेतून, महाराष्ट्रातून, एक नाटक कंपनी काशीला आली, आणि नेमकं तेच नाटक घेऊन! ती वाक्यं एकदा पुरुषाच्या तोंडून ऐकली की बाबांचा आवाज परत सापडेल, अशी माझी वेडी समजूत. ह्यांना विचारलं. नाटक म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे ह्यांचं ठाम मत. पण मान वरही न करता म्हणाले, "जाऊ."

अमृतराव घाटावर मांडव होता. बायका बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं. मी मांडीवर पुस्तक उघडून बसले. लहानपणी बाबांबरोबर नावेतून रामनगरच्या रामलीलेला जायची, तिथे माणसं पोथी उघडून ओळीवर बोट ठेवूनच लीला बघतात. मला वाटायचं, नाटक असंच बघायचं असतं.

"अगं, खेळ बघायला आलीस की इम्तिहान द्यायला?" शेजारच्या आनंदीकाकू म्हणाल्या.

राणीच्या हनुवटीवर दाढीची निळसर छटा होती, पण तिनं पहिलं पद म्हटलं आणि मी सगळं विसरले. रंगवलेलं वन वाऱ्यानं हलत होतं, मागं खरी गंगा वाहत होती, आणि मी कुठे बसले आहे ते मला धड कळत नव्हतं. तिसरा अंक आला. राजाचा घसा बसला होता. त्यानं राणीला नुसता नमस्कार केला आणि तो आत निघून गेला. अख्खा प्रवेश गाळला!

माझं बोट त्या ओळीवरच राहिलं. रंगभूमी रिकामी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, चांगलं खणखणीत: "महाराज, जाताना मागं वळून पाहू नका."

काकूंनी चिमटा काढला. पुरुषांत कुजबुज सुरू झाली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

तेवढ्यात पुरुषांमधून आवाज आला, एकेक अक्षर तोलून उच्चारलेला: "मागं पाहिलं नाही, तर परतीची वाट ध्यानात कशी राहील?"

पुढचं वाक्य मी म्हटलं. त्यापुढचं त्या आवाजानं. हसलं कुणीच नाही. विंगेत राणी हात जोडून उभी होती. आम्ही प्रवेश पुरा केला.

घरी येताना घाटाच्या पायऱ्यांवर मी विचारलं, "राजाची वाक्यं तर मी कधी मोठ्यानं वाचलीच नाहीत. तुम्हाला कशी पाठ?"

"तू देवळात गेलीस की तुझी किताब काढायचो," हे पायऱ्यांकडे बघत म्हणाले. "दुपारी तू थांबलीस की मी बाहेर मनात म्हणायचो. विद्यार्थ्यांना वाटे, गुरुजींना डुलकी लागली."

"मग आत येऊन का नाही म्हणालात? दोन वर्षं!"

"ती जागा तू बाबांसाठी ठेवली होतीस," हे म्हणाले. "मी कसा बसणार?"

मला रडू आवरेना. मी तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ह्यांचा हात धरला.