भरपाईचं जेवण

दादा निवडणुकीला उभा राहिला आणि त्याने पहिलं काम काय केलं, तर अब्बा सोडून घरच्या सगळ्यांना कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. "मत मलाच!" मीही घेतली. एकुलत्या एका भावाला नाही म्हणायला जीभ रेटेना.

समोर उभी होती दवाखान्यातली नर्स. गल्लीतलं तुंबलेलं गटार तिने चकरा मारमारून साफ करून घेतलं. दादाने त्या गटारापुढे स्वतःचं पोस्टर लावलं. लायक कोण, हे आंधळ्यालाही दिसत होतं. पण शपथ मोडली तर अल्लाहला काय तोंड दाखवू? आणि पाळली तर गल्लीला? इकडे आड, तिकडे विहीर. शिलाई मशीनवर बसले की बाही उलटीच जोडली जायची.

शेवटी अब्बांपुढे जाऊन बसले. अब्बा काझी. गल्लीभरचे निवाडे करतात, पण आज गाठ त्यांच्याच मुलाशी होती. मला मनातून भीती वाटत होती.

"मत म्हणजे साक्ष," ते म्हणाले. "लायक नाही हे माहीत असून दिलंस, तर ती खोटी साक्ष."

"आणि शपथ?"

"घेतलेल्या शपथेपेक्षा चांगलं काही दिसलं, तर ते करावं आणि शपथेची भरपाई द्यावी. दहा गरजूंना जेवण."

"दादा चिडेल, अब्बा."

"चिडू दे. मुलगा माझा आहे, कायदा माझा नाही."

छातीवरचा धोंडा उतरला. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले. मतदानाच्या दिवशी नर्सच्या नावापुढचं बटण दाबलं आणि घरी येऊन दहा जणांचं जेवण चुलीवर चढवलं.

अम्मीने झाकण उचलून पाहिलं. हळूच म्हणाली, "वीस जणांचं कर."

"तू पण?"

"गप. बटाटे सोल."

तेवढ्यात दादा आला. "निकालाआधीच जेवणावळ?"

"भरपाईचं आहे," अब्बा आतून म्हणाले.

दादा काझीचा मुलगा, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. "किती जणांचं?"

"वीस," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग अम्मीकडे. अम्मी बटाटे निरखत होती.

"गुप्त मतदान म्हणे!" तो मटकन बसला. आता हा कायमचा तुटला, असं मला वाटलं.

पण त्याला हसू फुटलं. "पातेलं बदल. तीस जणांचं कर."

"का रे?"

"तुझी वहिनी सकाळपासून नजर चुकवतेय." त्याने बाह्या सरसावल्या. "आणि वाढायला मी आहे."