मूठभर शेवाळ

मुख्याध्यापिकाबाईंनी कोपरापर्यंत हात घालून शेवाळाचा अख्खा गुंता बाहेर ओढला आणि कचऱ्याच्या बादलीत आदळला. भांडी घासायच्या काथ्यासारखा हिरवा गुंता. त्यातून खारट पाणी ठिबकत होतं, बारीक किडे वळवळत होते. वरून त्यांनी फिनेल ओतलं.

दिवाणखान्यातली समुद्री माशांची टाकी एकवेळ ठीक होती; आल्यागेल्याला दाखवता तरी येई. पण तिच्याखालच्या कपाटात नवऱ्याने आणखी एक काचेची पेटी बसवली होती, आणि तिच्यात दिवा लावून तो शेवाळ पिकवत होता. माशांच्या घाणीवर ते वाढतं म्हणे, आणि पाणी स्वच्छ राहतं. दर रविवारी गुडघे टेकून तो निम्मं शेवाळ काढी, निम्मं ठेवी, आणि तेवढ्यावर दिवसभर खूश असे. निवृत्तीनंतर माणसं जग बघतात. यांनी शेवाळ निवडावं! हे बाई मैत्रिणींना हसत हसत सांगत, तो शेजारीच बसलेला असताना.

तो फिरून आला, कपाटाशी वाकला आणि रिकाम्या पेटीत हात फिरवून पाहिला.

"घाण काढली मी," बाई म्हणाल्या. "घरभर वास सुटला होता. बोला आता, काय बोलायचं ते."

त्याने बादलीत डोकावून पाहिलं.

"मासे लगेच नाही मरायचे. पण पाणी बिघडत जाईल."

बाईंच्या कपाळावर आठी चढली. धड भांडताही येत नाही या माणसाला.

त्याने माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

"मूठभर शेवाळ मिळेल का? हो, सगळंच गेलं. अहो, माझाच वेंधळेपणा. दिवा बंद राहिला, लक्षातच आलं नाही. छे छे, ती कशाला हात लावेल! उलट तीच आठवण करून देते मला."

टॅक्सी मागवतानाही त त प प करणारा हा माणूस एवढं खोटं सांगताना एकदाही अडखळला नव्हता.

तो शेवाळ आणायला स्वयंपाकघरात डबा शोधू लागला. बाई मागोमाग आल्या.

"मुलगा-सून वेगळे राहायला गेले, तेव्हा लोकांना काय सांगितलंत तुम्ही?"

"किती जुनी गोष्ट ती."

"काय सांगितलंत?"

"हेच, की माझ्या स्वभावाशी सुनेचं जमेना."

गेली कित्येक वर्षं बाईही सगळ्यांना तेच सांगत आल्या होत्या. आधी कोण म्हणालं होतं, हे त्यांनी कधी आठवून पाहिलं नव्हतं.

त्याने एक डबा उघडून हुंगला.

"साबणाचा वास आहे. हा नको. तुझ्याकडे दुसरा आहे का?"

बाईंनी तो डबा त्याच्या हातून घेतला आणि नळाखाली धरला. भरून वाहू लागला तरी त्या पाठमोऱ्याच उभ्या होत्या.