दुपारी हॉल रिकामा असतो

विजेच्या ऑडिटचा अहवाल जिन्याजवळच्या फळ्यावर लागला, तेव्हा मी तो दोनदा वाचला. पहिल्या वाचनात माझंच काही चुकलं असेल असं वाटलं. ‘तिसरा मजला, वाचनालयाचा हॉल. दुपारी जेवणाच्या वेळेपासून चारपर्यंत कोणीही आढळले नाही. या वेळेत एसी बंद ठेवावा.’

त्या वेळेत मी त्या हॉलमध्येच असतो. आणि एकटा नसतो.

जळगावातलं हे व्यापारी संकुल. खाली साड्यांची दुकानं, मधल्या मजल्यांवर डॉक्टर आणि वकील, सगळ्यात वर एका ट्रस्टचं वाचनालय. लांब टेबलाच्या या टोकाला मी, त्या टोकाला एक बाई. दोन उन्हाळे त्या येत होत्या. सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, समोर जुना दिवाळी अंक. नाव मला ठाऊक नव्हतं. एकदा मला ठसका लागला, तेव्हा त्यांनी मान वर न करता आपली पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. ती अर्ध्या टेबलावरच थांबली. मी उठून घेतली, पाणी प्यालो, आणि आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते जुळवत बसलो. तोवर त्यांची जायची वेळ झाली.

मी मूळचा धुळ्याचा. टपाल खात्यात नोकरी झाली. लग्न जमलं नाही, जमावं म्हणून मी काही केलं असंही नाही. निवृत्तीनंतर थोरली बहीण तानुबाई एकटी पडली म्हणून जळगावला आलो. ती गेली, मी राहिलो. तिच्या खोलीवर पत्रा आहे आणि इथला मे महिना सांगायला नको. तरी मी गारव्यासाठी हॉलमध्ये जात होतो असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. ती गेल्यापासून माझ्याखेरीज कुणी श्वास घेतंय, पान उलटतंय, हे मला तेवढ्या एकाच जागी ऐकू यायचं.

“वाचं का, नाना?” मागून नवल म्हणाला. हा संकुलाचा वॉचमन. “लिखेल शे, वर कोनीच नही. मंग तुम्ही काय भूत शेतस का?”

मी हसलो. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. आपण असतो आणि कुणाला आढळत नाही, हे मला अगदीच नवं नव्हतं. फक्त ते असं छापून कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑडिट करणारा इंजिनियर आला. संघपाल त्याचं नाव, दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेला. चिमट्यासारखं मीटर एसीच्या वायरला लावून तो आकडे टिपत होता. मी बराच वेळ त्याच्या मागे उभा राहिलो.

“काही हवंय का, काका?”

“तुमच्या कामात मी काय बोलणार. पण मी असतो तिथं.”

“कुठं?”

“वर. दुपारी.”

“काका, भिंतीवर ती पांढरी डबी लावली होती ना? माणूस हलला की तिला कळतं. आठवडाभर दुपारी तिला काहीच कळलं नाही.”

“मी वाचत असतो.”

“मग पान तरी उलटत असाल!”

“सावकाश वाचतो.”

तो मोठ्यांदा हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला आणि माझ्याबरोबर वर आला. बाई त्यांच्या जागी होत्या. मी माझ्या जागी बसलो. संघपाल पार पलीकडच्या भिंतीपाशी, डबीखाली निश्चल उभा राहून तिच्याकडे बघत होता. तिच्यावरचा तांबडा दिवा काही लागेना. अखेर त्यानं डोकं खाजवलं, आणि दिवा लागला.

“आयला!” तो पुटपुटला. “डबी फार लांब लावली मी. काका, चूक माझी. अहवाल बदलतो.”

त्यानं शब्द पाळला. पण संकुलाचे सेक्रेटरी पितांबरशेठ, खालच्या मोठ्या साडी दुकानाचे मालक, त्यांनी एकच विचारलं. “माणसं किती?”

“दोन.”

“दोन माणसांसाठी एवढा हॉल गार करायचा? अरे, मी गिऱ्हाइकाला पंख्याखाली बसवतो!”

तेव्हा संघपालनंच तोड काढली. हॉलला लागून, जिन्याकडे दार असलेली ग्रंथपालाची जुनी केबिन होती. तिथं लहान एसी, एक टेबल, दोन खुर्च्या. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आपोआप लागणारं दार. दुपारी हॉल बंद, वाचकांनी केबिनमध्ये बसायचं. वापर होतो की नाही ते तो पुन्हा येऊन बघणार होता. होत नसेल तर कुलूप.

“जमवलं की नाही, काका?” तो इतका खुशीत होता की मी मान डोलावली.

पहिल्या दिवशी मी लवकर जाऊन बसलो. थोड्या वेळानं दार ढकलून बाई आल्या. त्यांनी मला पाहिलं, रिकामी खुर्ची पाहिली. दोन्ही खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ होत्या.

“तुम्ही बसा,” त्या म्हणाल्या.

दोन उन्हाळ्यांत ऐकलेले त्यांचे पहिले शब्द. त्या मागे वळून बाहेर गेल्या आणि दार आपोआप लागलं.

मी त्यांची जागा बळकावली, हे मला लगेच कळलं. मग मी जाणंच बंद केलं. पुस्तक घेऊन दुपारी बसस्थानकावर पंख्याखाली बसू लागलो. धुळ्याची गाडी लागायची, चाळीसगावची लागायची, माणसं चढायची. आता त्या चष्मा पुसत असतील, आता अंक उघडत असतील, असं मनाशी म्हणत मी तीच ओळ पुन्हा वाचायचो. आयुष्यात एखादी गोष्ट बरी केली असं वाटत होतं.

आठवड्यानं तिथं नवल भेटला, मेहुण्याला धुळ्याच्या गाडीत बसवायला आलेला.

“नाना? तुम्ही आठे? मंग वर कोन शे?”

“त्या बाई असतील ना.”

“मंदाबाई? त्या तं खाली बाकवर बसतस, पार्किंगना पत्राखाले. रोज माले इचारतस, नाना वर शेतस का? मी सांगस, व्हतीन. मंग तठेच वाचत बसतस.” त्यानं कपाळाला हात लावला. “म्हनजे केबिन बठ्ठा हप्ता रिकामं! नाना, उद्या साहेब येनार शे तपासाले. आनि ते दार बी काय दार! तिजोरीसारखं लागी जास.”

तो फाटकाकडे निघाला. पार्किंगच्या पत्र्याखाली, त्या उन्हात! मी माझ्या भिडस्तपणाला चांगुलपणा समजत होतो. आणि दार? ओळख ना पाळख, अशा पुरुषाबरोबर बंद दाराआड कोणती बाई बसेल? हे मला त्याच दिवशी दिसायला हवं होतं. मी मात्र फक्त खुर्च्या मोजल्या.

मी नवलच्या मागे धावलो. धावायची सवय नाही. फाटकाशी त्याला गाठेपर्यंत धाप लागली.

“मंदाबाईंना सांग, उद्या दार उघडं असेल.”

“इतलंच?”

“इतकंच.”

दुसऱ्या दिवशी मी एसी लावला आणि दुसरी खुर्ची दारात अडकवली. गार हवा पायांवरून बाहेर जाऊ लागली. जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला आता टेबल दिसत होतं, मी दिसत होतो. दिसेल अशा जागी मी सहसा बसत नाही. डॉक्टरकडे आलेलं एक लहान पोर वरपर्यंत चढलं, मला न्याहाळून परत गेलं.

मग संघपाल आला. “काका, दार! अख्खा जिना गार करताय तुम्ही!” तो खुर्ची उचलायला वाकला.

“राहू द्या.”

“अहो, मशीन थांबणारच नाही असं. मीटर पळेल. शेठला एवढं कारण पुरे.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

घरून जुळवून आणलेलं वाक्य ऐन वेळी आठवेना. “दार लावलं तर इथं एकच माणूस बसू शकतो,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. मीटर लावलं, बघितलं, लिहिलं. “मला खरा आकडाच द्यावा लागेल, काका.”

“द्या. खोटा द्या असं मी म्हणत नाही.”

तो उतरला. खालून त्याचा आवाज ऐकू आला, “महिन्याचं बिल येऊ द्या शेठ, मग काय ते ठरवा.” शेठ काय बोलले ते कळलं नाही.

मग बराच वेळ कुणी आलं नाही. वाटलं, निरोप चुकीचा दिला. नवल त्यांना काय बोलला असेल कोण जाणे. आपल्यामुळे केबिनही जाणार आणि त्यांचं बाकही. खुर्ची काढून दार लावून घ्यावं, म्हणून मी उठलोही.

त्या जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या. पदरानं मानेचा घाम पुसत.

“इथं जागा आहे,” मी म्हणालो. आवाज नको इतका मोठा निघाला.

त्या वर आल्या. दारातल्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. मला वाटलं, आत ओढून घेतील. पण त्या तिथंच बसल्या, पाठ दाराला टेकवून, अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर.

“तिथं तुम्हाला गरम होईल.”

“अर्धंच,” मंदाबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून अंक काढला.